सेकंदाला नऊ चित्रं

१

सहीसाठी खाली जागा मोकळी सोडली होती, आणि ज्याची सही हवी होती तो माणूस जाऊन तीन आठवडे झाले होते.

पाकीट बाबांच्या नावाने आलं होतं. आईने ते उघडलंसुद्धा नव्हतं. मुलीच्या हातात दिलं आणि ती पुन्हा कपड्यांच्या घड्या घालू लागली. मुलीने तीन पानी अहवाल सावकाश वाचला. बंदरावरच्या क्रेनचालकांना शिकवण्यासाठी कंपनीने बनवलेलं सराव-यंत्र मुख्य परीक्षेत नापास का झालं, याचा तो अहवाल होता. शेवटच्या पानावर, सहीच्या बरोबर वर लिहिलं होतं : 'दोषाचे कारण : दृश्यरचना. ज्येष्ठ रचनाकाराने वाढत्या वयामुळे यंत्राचा आवाका लक्षात न घेता दृश्य प्रमाणाबाहेर जड केले. यंत्रणा पूर्णतः सुस्थितीत होती.'

वाढत्या वयामुळे. हे दोन शब्द तिने चार वेळा वाचले.

ती अठरा वर्षं लिफ्ट तपासण्याचं काम करत होती. राग आला की लोकांचा आवाज चढतो, तिचा खाली जायचा. हाताखालची माणसं म्हणायची, बाई हळू बोलायला लागल्या की जिना धरावा.

परीक्षेचा तो गुरुवार तिला बाबांच्या तोंडून ठाऊक होता. सराव-केबिनमध्ये बंदराकडून आलेल्या परीक्षक बाई बसल्या, समोरच्या तीन पडद्यांवर बाबांनी बनवलेलं बंदर उघडलं, आणि चित्र अडखळायला लागलं. जिथे सेकंदाला साठ चित्रं सरकायला हवीत तिथे कोपऱ्यातला आकडा नऊवर येऊन बसला. क्रेनचा दांडा उड्या मारत वळला, कंटेनर जहाजावर आदळला, परीक्षक बाईंना मळमळलं. आदल्याच सोमवारी बाबांनी त्या दृश्यात लाटा घातल्या होत्या. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "चूक माझीच असणार. लाटा जड झाल्या."

त्याच दिवशी सराव-केबिन सील झाली, बाबांना घरी पाठवलं. पुढचे एकोणीस दिवस ते घरच्या साध्या कॉम्प्युटरवर आपलंच बंदर सोलत बसले. आधी लाटा काढल्या, मग पक्षी, मग दोरखंड, मग पत्र्यावरचा गंज. वर्षभर जे एकेक करून जमवलं होतं ते एकेक करून पुसलं. विसाव्या दिवशी दुपारी आई जेवायला बोलवायला गेली, तेव्हा मान कीबोर्डवर होती.

तिने काकांना फोन लावला. काका म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ, आणि कंपनीचे साहेबही तेच.

"काका, पाकीट तुम्ही पाठवलंत?"

"कसलं गं? अरे देवा... ते ऑफिसातून परस्पर गेलं असणार. फाडून टाक, बाळ."

"आणि अहवाल?"

"तो परवा शुक्रवारी बंदराकडे जातोय. सहीशिवाय जाईल. काहीतरी कारण द्यायला लागतं ना त्यांना. आता दादाला त्याचा काय त्रास व्हायचाय?"

ती अगदी हळू म्हणाली, "बाबांचं टेबल आवरायला उद्या येते."

"ये की! विचारायचं काय त्यात? मी दुपारपर्यंत बाहेर आहे, पण तू ये."

दुसऱ्या दिवशी ती टेबल आवरायला गेली खरी, पण सामान आणायला पिशवी नेली नाही.

२

बाबांच्या टेबलाशेजारी कंपनीच्या जाहिरातीच्या फिल्म बनवणारा माणूस बसायचा. पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला, हाताला पेनाचे डाग. सगळे त्याला रंगारी म्हणत, आणि बाबांना मास्तर. बाबांचं आणि त्याचं पटायचं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"पटायचं नाही म्हणजे, ताई, रोज भांडायचो," त्याने स्वतःच सांगून टाकलं. "मास्तर म्हणायचे, तुझ्या फिल्ममध्ये समुद्र टूथपेस्टसारखा दिसतो. मी म्हणायचो, तुमच्यात तो इतका खरा दिसतो की पगार न घेता बुडावंसं वाटतं. आता ते नाहीत तर भांडायचं कुणाशी? कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या त्या हवालदाराशी भांडण्यात काही राम नाही."

"भांडण कशावरून?"

"कार्डावरून. दुसरं काय!" तो खुर्ची ओढून जवळ आला. "हे बघा, आतल्या खोलीत एक दणकट कॉम्प्युटर आहे. त्याच्या पोटात चार कॉम्प्युटर. खरे नाहीत, पण प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र. व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आम्ही बिऱ्हाड म्हणतो. एका घरात चार बिऱ्हाडं. आणि चित्र काढणारं मोठं ग्राफिक्स कार्ड मात्र सगळ्या घरात एक. एका वेळी एकाच बिऱ्हाडाला मिळतं. ज्याच्याकडे कार्ड, त्याचं चित्र वाऱ्यासारखं पळतं. बाकीच्यांची चित्रं बिचारा प्रोसेसर हाताने काढत बसतो."

"हात बदलायला किती वेळ लागतो?"

"बदलायला पाच मिनिटं. पण देणाऱ्याने आपलं बिऱ्हाड पार बंद करायचं, घेणाऱ्यानेही. म्हणून तर भांडणं. माझं बिऱ्हाड मी चालू असताना गोठवून ठेवतो, उद्या आलो की जिथल्या तिथे काम पुढे. मास्तरांना ते जमायचं नाही. कार्ड ही खरी वस्तू, ती ज्याला जोडलीय ते बिऱ्हाड गोठवताच येत नाही. नकार देतं. त्यामुळे रोज संध्याकाळी बंद करा, सकाळी सगळं पुन्हा मांडा. चिडायचे!"

"त्या गुरुवारी कार्ड कुणाकडे होतं?"

"मास्तरांकडेच, केबिनचे पडदे त्यांच्याच बिऱ्हाडावर चालतात. कार्ड कुणाकडे ते लिहायच्या पाटीवर आठवडाभर त्यांचंच नाव होतं." तो जरा थबकला. "मी नव्हतो म्हणा त्या दिवशी. आम्ही प्रदर्शनात होतो, बुधवारी संध्याकाळीच निघालो. फिल्म अर्धवट टाकून गेलो होतो, माझ्या हिशेबाने ती तयार व्हायला रविवार उजाडला असता. आणि गुरुवारी दुपारी साहेबांनी अख्खी तयार फिल्म पाठवली! मी म्हटलं, वा, देव पावला."

"कशी झाली म्हणून विचारलं नाहीत?"

रंगारी पेनाचे डाग खरवडायला लागला. "साहेबांना कोण विचारतं, ताई?"

३

हवालदार आतल्या खोलीचा राखणदार होता. चारही बिऱ्हाडं चालू ठेवणं हे त्याचं काम, आणि कुणी विचारल्याशिवाय आत पाऊल टाकलं तर तो दारात आडवा व्हायचा, म्हणून हे नाव पडलं होतं. खोली गार होती. एका बाजूला गुडघ्याएवढा काळा कॉम्प्युटर घरघरत होता. भिंतीवर पाटी, पाटीवर खडूने चार रकाने.

"मी रडलो, मॅडम," तो आल्याआल्या म्हणाला. "पण खोटं बोलणार नाही. यंत्रात काही दोष नव्हता."

"कशावरून?"

"पाटीवरून. पाटीवर मास्तर, म्हणजे कार्ड मास्तरांकडे. आजवर कधी चुकलं नाही."

"पाटीवर नाव कोण लिहितं?"

"मीच."

"आणि आत कार्ड कोण बदलतं?"

"मीच. म्हणजे... पासवर्ड साहेबांकडेही आहे. पण ते कशाला हात लावतायत?"

"त्या सकाळी बिऱ्हाड चालू केल्यावर कार्ड लागलंय का, हे आत जाऊन बघितलंत?"

हवालदाराने तिच्याकडे असं बघितलं की जणू सूर्य उगवला का ते खिडकी उघडून तपासलं का असं तिने विचारलं होतं. "चित्र आलं ना पडद्यावर! साडेनवाला मी स्वतः चालू केलं. बंदर दिसलं, लाटा दिसल्या. कार्ड नसतं तर चित्र आलं असतं का?"

"आलं असतं," ती म्हणाली. "प्रोसेसरने हाताने काढून दिलं असतं."

हट्टाने मान हलवून त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "तुम्हाला पुरावाच हवाय ना? हा घ्या. रोज सकाळी नऊ चाळीसला यंत्र आपणहून चारही बिऱ्हाडांची चालू अवस्थेतली प्रत काढतं. गोठवून. काही बिघडलं तर परत तिथून उभं करता यावं म्हणून. प्रत निघाली तर हिरवी ओळ, नाही निघाली तर लाल. आता मास्तरांच्या बिऱ्हाडाची यादी बघा. त्या गुरुवारी, परीक्षेआधी वीस मिनिटं... हिरवी! सगळं ठणठणीत. साहेबांनाही मी हेच दाखवलं, अहवालात तेच लिहिलंय. यंत्रणा सुस्थितीत."

ती वाकून बघायला लागली. लिफ्ट पडली की सगळे तुटलेला दोर बघायला धावतात. ती आधी तक्रारवही मागायची, आणि तक्रार ज्या दिवशी आली तिथे न थांबता, तक्रार ज्या दिवशी *आली नाही* तो दिवस शोधायची.

"वर सरकवा," ती म्हणाली.

त्याने यादी वर सरकवली. लाल. अजून वर. लाल. आठ महिने मागे गेले तरी लालच. जेव्हा जेव्हा पाटीवर मास्तर होते, तेव्हा तेव्हा लाल.

"आता खाली."

गुरुवार हिरवा. शुक्रवार लाल.

तिचा आवाज इतका खाली गेला की हवालदाराला कान पुढे करावा लागला. "हवालदार, ज्या बिऱ्हाडाला कार्ड लागलंय त्याची चालू प्रत निघते का?"

त्याने गुरुवारच्या हिरव्या ओळीवर बोट ठेवलं. "नाही निघत," तो म्हणाला.

४

"रंगाऱ्याची यादी काढा," ती म्हणाली.

रंगाऱ्याच्या बिऱ्हाडाची त्या आठवड्याची यादी सोमवार हिरवी, मंगळवार हिरवी, बुधवार हिरवी होती. गुरुवारी सकाळी नऊ चाळीसला लाल. शुक्रवारी पुन्हा हिरवी.

हवालदार खुर्चीत बसला नाही, पडला. "अहो, मी रोज लाल बघतो मास्तरांची. सवयच झाली होती. हिरवी दिसली तेव्हा वाटलं, चला, आज एकदाची सुधारली. परीक्षेच्या दिवशी शुभशकुन."

"सावरा. आणि माझ्याबरोबर मोजा." ती पाटीसमोर उभी राहिली. "बुधवारी संध्याकाळी बाबांनी बिऱ्हाड बंद केलं आणि घरी गेले. रंगारीही गेला. तुम्ही?"

"सहाला गेलो."

"त्यानंतर कुणीतरी कार्ड रंगाऱ्याच्या बिऱ्हाडाला दिलं. रविवारी व्हायची ती फिल्म गुरुवारी दुपारी तयार झाली ती त्यामुळे. सकाळी तुम्ही पाटी बघितलीत, बाबांचं बिऱ्हाड चालू केलंत, चित्र आलं, तुमचं समाधान झालं. नऊ चाळीसला प्रत निघाली. दहाला परीक्षा. बाबांचं बंदर कार्डाशिवाय चाललं."

"म्हणजे विसरले. कार्ड परत द्यायला विसरले," हवालदार घाईने म्हणाला. विसरण्याइतकं सोपं काही असेल तर त्याला तेवढंच हवं होतं.

"इथपर्यंत विसरणं आहे. पुढे बघा. शुक्रवारी सकाळी बाबांची ओळ पुन्हा लाल. म्हणजे गुरुवारी दहा ते शुक्रवारी नऊ चाळीसच्या आत कुणीतरी कार्ड परत बाबांच्या बिऱ्हाडाला लावलं, आणि ते बिऱ्हाड चालू करून ठेवलं. केबिन सील झालेली. परीक्षा संपलेली. बाबा घरी. ज्या यंत्रावर आता कुणी बसणारच नाही, त्याला कार्ड परत देऊन काय उपयोग? एकच. कुणी तपासायला आलं तर सगळं जागच्या जागी दिसावं. हे काम विसरलेला माणूस करत नाही. आठवलेला माणूस करतो."

कॉम्प्युटर घरघरत राहिला.

"तुम्ही होतात का गुरुवारी दुपारी?"

"नाही हो! परीक्षा संपल्यासंपल्या मी रजेवर गेलो. सासऱ्यांचं ऑपरेशन होतं. सोमवारी आलो. आईशप्पथ, मॅडम."

"या खोलीच्या किल्ल्या किती?"

हवालदाराने आपली किल्ली मुठीत घट्ट धरली आणि दुसरी कुणाकडे असते ते सांगायच्या ऐवजी खाली बघितलं.

५

"केबिनचं सील काढा," ती म्हणाली.

"साहेबांना विचारल्याशिवाय..."

"मी परवानगी मागत नाहीये, हवालदार."

रंगारीही येऊन उभा राहिला होता. त्याला सगळं सांगून झालं तेव्हा त्याच्या कपाळावरची शीर तटतटली. "माझ्या टूथपेस्टसाठी?" एवढंच तो म्हणाला आणि सील त्यानेच फाडलं.

ती केबिनमध्ये बसली. आधी कार्ड लावून. तीन पडद्यांवर बंदर उघडलं. एकोणीस दिवस ती जे पुसलं जाताना बघत होती ते सगळं जागच्या जागी होतं. दोरखंडांना भिजल्याची चमक होती. धक्क्याला लागून लाटा उसळत होत्या आणि फेस मागे सरकताना दगडावर ओल ठेवत होता. तिने दांडा फिरवला, तो लोण्यातून सुरी जावी तसा वळला. कोपऱ्यात आकडा : साठ. लाटांसकट.

"आता कार्ड काढा आणि पुन्हा चालू करा."

हवालदाराने बिऱ्हाड बंद केलं, कार्ड काढलं, पुन्हा चालू केलं. तेच बंदर, त्याच लाटा, पण उचक्या लागल्यासारख्या. आकडा उतरत उतरत नऊवर थांबला.

"काय चाललंय इथे?"

काका दारात होते. पडद्यावरचा नऊ त्यांनी बघितला आणि पुढे काय विचारायचं ते विसरले.

ती केबिनमधून उतरली. दोन्ही याद्यांचे कागद त्यांच्या हातात दिले. बोट ठेवून दोन ओळी दाखवल्या, मग शुक्रवारची तिसरी. कुठलाही प्रश्न विचारला नाही.

काकांनी कागद खाली ठेवले. "प्रदर्शनात फिल्म दाखवायची होती. बुधवारी रात्रभर कार्ड वापरलं तर होणार होती. सकाळी परत द्यायचं, एवढंच होतं. गाडी पंक्चर झाली, मी पोचलो तर परीक्षा सुरू. विसरलो गं. खरंच डोक्यातून गेलं होतं."

"कधी आठवलं?"

"... नऊ दिसला तेव्हा."

"तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो! तेवढ्यात दादाच म्हणाला, चूक माझी. सगळ्यांसमोर. मला वाटलं, चला, आता... तो मोठा आहे, घेईल सांभाळून. लहानपणापासून घेत आलाय. मी फोडलेल्या काचांचा मार त्यानेच खाल्लाय." ते हसायला गेले, ते हसू तिच्या चेहऱ्यापाशी येऊन मेलं.

"काका, त्या एकोणीस दिवसांत तुम्ही घरी दोनदा आलात. दुसऱ्यांदा आलात तेव्हा बाबा गंज पुसत होते. त्यांनी तुम्हाला विचारलं, यंत्रात तर काही नव्हतं ना रे? मी तिथेच होते. तुम्ही काय म्हणालात?"

काकांनी रंगाऱ्याकडे आणि हवालदाराकडे बघितलं.

"सांगा. यांनाही कळू दे."

"मी... म्हटलं, काही नव्हतं दादा, मी स्वतः बघितलंय."

"स्वतः बघितलंय. आणि पुढे म्हणालात, अजून थोडं हलकं कर. त्यांनी केलं. तुम्ही गेल्यावर बाबा मला म्हणाले, माझी नजर गेली वाटतं, मला आता जड काय नि हलकं काय कळेनासं झालंय. चाळीस वर्षं काम केलेला माणूस, काका. स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवून गेला. ते हार्टमुळे गेले, डॉक्टरांनी तसं लिहिलंय, मी तुमच्यावर ते घालणार नाही. पण ते काय समजत गेले, ते तुम्ही ठरवलंत."

रंगाऱ्याने तोंड फिरवलं. काकांचे डोळे भरले होते. तिला त्यांचा आणखीच राग आला. रडायची पाळी अजून त्यांची आली नव्हती.

"अहवाल मी बदलतो," ते म्हणाले. "आजच. 'तांत्रिक कारणामुळे' असं घालू. आणि केबिनवर दादाच्या नावाची पट्टी..."

"पट्टी नको. कागद घ्या. मी सांगते तसं, तुमच्या अक्षरात."

काकांनी लिहिलं. पहिल्यांदा 'कार्ड काढले गेले' असं लिहिलं. तिने ते खोडायला लावलं. मग लिहिलं, 'कार्ड मी काढले. परीक्षेनंतर मीच परत लावले. हे मला माहीत असूनही मी बोललो नाही. दृश्यरचनेत दोष नव्हता.' खाली सही केली. हवालदाराने याद्या मागे जोडल्या. रंगाऱ्याने तो कागद तिथल्या तिथे परीक्षक बाईंना पाठवला, साहेबांची परवानगी न घेता. दहा मिनिटांत बाईंचा फोन आला. मूळ दृश्य तसंच ठेवा, लाटांसकट, सोमवारी पुन्हा बसते, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी साहेबांशी बोलायला मात्र नकार दिला.

"झालं आता?" काकांनी विचारलं. दहा मिनिटांत ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. "झालं ना तुझं समाधान?"

"माझं नाही. आईला अजून माहीत नाही."

"तू सांग गं तिला. तू नीट सांगशील."

"तेच तर. मी नीट सांगेन. तुमच्या बाजूने चार शब्द माझ्याही तोंडून जातील, सवयीने. तुम्ही सांगायचं. चला."

"आत्ता?"

"आत्ता."

वाटेत गाडीत, सिग्नलला काका एकदा म्हणाले, "वहिनी मला लहानपणापासून..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

आईने दार उघडलं. दिराला बघून तिचा चेहरा एकदम निवळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी घरचं आलं होतं. "भाऊजी! किती वाळलात हो. या ना, आत या, बसा."

काकांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"बसू नका," ती म्हणाली, इतक्या हळू की आईला ऐकूच गेलं नाही. "उभ्यानं सांगा."